उरलेल्या चौदा फेऱ्या

गेल्या ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी बरोबर सहा वाजता, इनास तुस्कानो नावाच्या बासष्ट वर्षांच्या माणसाच्या चौदा फेऱ्या काढून घेतल्या गेल्या. शर्यत पन्नास फेऱ्यांची होती. छत्तिसावी पुरी झाली, निशाणवाल्याने लाल झेंडा आणि काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा एकदम दाखवला, आणि शर्यत संपल्याचं जाहीर झालं. ऊन लख्ख होतं. पाऊस नव्हता, ट्रॅकवर कोणी आडवं पडलं नव्हतं, कोणाच्या टाकीतलं पेट्रोल संपलं नव्हतं. फक्त सहा वाजले होते.

‘काढून घेतल्या गेल्या’ हे मी मुद्दाम लिहिलंय. पत्रकं लिहायला मी युनिव्हर्सिटीत शिकले. भाडेकरूंसाठी लिहिली, बंद पडलेल्या बससाठी लिहिली, एकदा बेसमेंटमध्ये खिडकी असावी म्हणूनही लिहिलं. तिथला पहिला धडा असा, की कर्मणी प्रयोग हा पळपुट्यांचा प्रयोग. ‘बस बंद करण्यात आली’ असं लिहायचं नाही. कोणी केली ते लिहायचं, नावानिशी. तरी मी वर पळपुटं वाक्य लिहिलंय. कर्ता येईल. जरा धीर धरा, मलाही धरावा लागला.

एप्रिल आलाय. आमच्या रस्त्यावर विंटर टायर उतरवायची घाई चाललीय. दर दुसऱ्या ड्राइव्हवेत कोणीतरी उकिडवं बसलंय, आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या शेवटच्या ढिगातून कोणाचा तरी डिसेंबरात हरवलेला हातमोजा वर आलाय. रिचमंड हिल मागे टाकून उत्तरेला यायला लागलं की जिथे मक्याची शेतं आणि नवे टाउनहाउस एकमेकांकडे संशयाने बघतात, तिथे आम्ही राहतो. आमच्या मागे कुंपण, कुंपणामागे शेत, शेतामागे तो ट्रॅक. डांबराचा एक लंबगोल, भोवती लाकडी बाक, एका टोकाला मोजणीचा मनोरा. आमची घरं व्हायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे. परवा दुपारी तिथून पहिली घरघर आली. कोणीतरी इंजिन तपासून बघत असणार. आई चहाचा कप हातात धरून थांबली.

“आला बघ तुझा आवाज,” ती म्हणाली.

माझा कसा? दोन वर्षांपूर्वी तो ‘त्यांचा आवाज’ होता. ‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, हे आमच्या घरात बोट न दाखवता कळायचं.

आवाज खरंच मोठा आहे, ते नाकारत नाही. दर शनिवारी दुपारी एकापासून सुरू व्हायचा. आईची वामकुक्षी गेली. बाबा हेडफोन लावून बसायचे आणि तरीही वैतागायचे. पण मी उठले ती शेजारच्या गौरीताईमुळे. गौरीताई नागपूरची, बाळ तेव्हा चार महिन्यांचं, नवरा कॅल्गरीत प्रोजेक्टवर. एका शनिवारी ती आमच्या दारात उभी राहिली, बाळ खांद्यावर, स्वतःच्या टी-शर्टवर दुधाचे डाग, आणि म्हणाली, “काकू, मी फक्त दहा मिनिटं झोपू का तुमच्याकडे? तुमच्या बेसमेंटमध्ये कमी येतो आवाज.” दोघं आमच्या ट्रेडमिलशेजारी सतरंजीवर झोपली. मी वर येऊन लॅपटॉप उघडला. अन्याय दिसला की माझे हात आपोआप कीबोर्डवर जातात. ही सवय चांगली आहे असं मला फार वर्षं वाटत होतं.

त्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, स्नोबूट घालून मी आमच्या तीन रस्त्यांवर दारोदार फिरले. लोक ड्राइव्हवे शोव्हल करत असायचे. मी फावडं धरायचे, ते सही करायचे. ट्रॅकवाल्यांचं एक पत्र टाउन कौन्सिलकडे आलेलं होतं, तेही मी वाचलं होतं. पत्र सभ्य होतं. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही सहानंतर कोणतीही शर्यत सुरू करणार नाही. मला ते पटलं. गौरीताईलाही पटलं, कारण बाळाची झोपेची वेळ सातची. भांडण तिथेच मिटलं होतं खरं तर. मग मी पत्रक लिहायला बसले.

पत्रकाचा दुसरा धडा: घोषणा तीन शब्दांत बसली पाहिजे. चौथा शब्द आला की वाचणारा दार लावून घेतो. मी लिहिलं, ‘सहानंतर शर्यत सुरू होणार नाही.’ पाच शब्द. जड वाटलं. सरकारी वाटलं. मी कात्री चालवली.

‘सहानंतर शर्यत नाही.’

किती सुरेख बसलं. स-श-न. ठेका धरता येतो. मराठी ही या कामासाठी फार सोयीची भाषा; क्रियापद गाळलं तरी वाक्य उभं राहतं, उलट जास्त ताठ उभं राहतं. इंग्रजी पत्रक मी त्यावरूनच केलं, हिंदीही. कौन्सिलच्या सभेत गौरीताई बाळाला घेऊन बोलली, मी तीन शब्द तीन भाषांत म्हटले, आणि नियम झाला. एका हंगामापुरता, प्रयोग म्हणून. त्यात कोणी ‘सुरू’ हा शब्द परत घातला नाही. कोण घालणार? ज्यांनी मागणी केली त्यांच्याच कागदावर तो नव्हता.

तर आला कर्ता.

पण तेव्हा मला हे कळलं नव्हतं. तेव्हा मी जिंकले होते. आणि जिंकलेल्या माणसाने नियम पाळला जातोय का हे बघायला हवं, म्हणून जुलैच्या पहिल्या शनिवारी मी फोनवर स्टॉपवॉच लावून ट्रॅकवर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. गेटवर माझ्या मनगटावर कागदी पट्टा बांधला गेला आणि मी लाकडी बाकांवर सगळ्यात वर जाऊन बसले, तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टरसारखी.

वास आधी आला. जळलेलं रबर, तळलेला कांदा, ओल्या गवताचा वास, आणि मधूनच काहीतरी गोड, जे इंजिनातलं असेल असं मला वाटलं. ते शेजारच्या बाईंच्या डब्यातलं होतं. पांढऱ्या केसांचा बॉबकट, मांडीवर डबा, डाव्या हातात जपमाळ. त्या मला बराच वेळ बघत होत्या.

“मराठी ना?” त्यांनी विचारलं.

“कसं ओळखलंत?”

“फोनवर मघाशी ‘अगं आई, पोचले’ म्हणालीस. घे, फुगे आहेत.”

फुगे म्हणजे वसईकडचे, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे, आत पोकळ, किंचित गोड. मी पहिल्यांदाच खाल्ले. त्या फिलोमिना तुस्कानो. नवरा खाली पिटमध्ये, गाड्या तयार करायच्या जागी, सतरा नंबरच्या निळ्या गाडीत. मार्कहॅमला एका गॅरेजमध्ये आयुष्यभर लोकांचे गिअरबॉक्स उघडले, आणि वीस उन्हाळे इथे शनिवारी गाडी पळवतोय. स्टॉक कार म्हणजे एकेकाळी कोणीतरी शोरूममधून घेतलेली, मुलांना शाळेत सोडणारी साधी गाडी. आतल्या सीटा आणि काचा काढायच्या, लोखंडी पिंजरा बसवायचा, आणि फक्त डावीकडे वळत राहायचं.

“पन्नास फेऱ्यांची मोठी शर्यत शेवटी असते,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षांत एकदा नाही जिंकला. दुसरा येतो. दुसऱ्या नंबरवर माझ्या नवऱ्याचं घर आहे.”

शर्यत सुरू झाली, तसा त्यांचा अंगठा माळेवर सरकायला लागला. गाड्या समोरून गेल्या की एक मणी. मला राहवलं नाही.

“आंटी, तुम्ही प्रार्थना करताय?”

“नाही बाय, मोजतेय. प्रार्थना सकाळीच उरकली. माळेत दहा-दहाचे पाच भाग. छोटे मणी किती झाले?”

“पन्नास.”

“मग? ही शर्यत ठरवणारा कॅथलिकच असणार.”

आता सांगते, शर्यत किती लांब हे कोण ठरवतं. हा प्रश्न मी त्याच दिवशी विचारला, पण वाकड्या नजरेने विचारला. शर्यत संपल्यावर त्या मला पिटमध्ये घेऊन गेल्या. इनासकाका गाडीच्या पुढच्या उजव्या टायरसमोर गुडघ्यावर बसले होते आणि टायरवरून तळहात फिरवत होते, जसा गुराच्या पाठीवरून फिरवतात. शर्यतीत परत दुसरे आले होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, कपाळावर हेल्मेटचा लाल वळ.

मी त्यांना ‘सर’ म्हटलं. ते म्हणाले, “आमच्यात अंकल म्हणतात, तुमच्यात काका म्हणतात. मला दोन्ही चालतं. सर म्हटलं की मला वाटतं गाडी रिपेअर नीट झाली नाही.”

“काका, ही शर्यत किती वाजता संपते?”

“वाजता नाही संपत. पन्नासला संपते.”

मला ते उत्तर उर्मट वाटलं. मी माझ्या फोनवरची वेळ दाखवली. आज पाच-चाळीसला संपली, पण मधे ते दोन वेळा पिवळा झेंडा दाखवून सगळ्यांना हळू चालवलं, तसं आणखी झालं असतं तर?

“तर आणखी वेळ लागला असता. गाड्या ठोकल्या, तेल सांडलं, की पिवळा. पिवळ्यात सगळे रांगेत हळू फिरतात आणि त्या फेऱ्या आपल्याकडे धरत नाहीत. मोठ्या-मोठ्या शर्यतींत धरतात. पण तिथे अगदी शेवटी ठोकाठोकी झाली तर जास्तीच्या फेऱ्याही देतात, कारण रांगेत हळू चालत जिंकलेलं कोणाला बघायचंय?”

“पण पन्नासच का? साठ का नाही? तीस का नाही?”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. हा प्रश्न त्यांना आवडला असावा.

“ट्रॅक केवढा ते आधी. हा अर्ध्या किलोमीटरहून जरासाच मोठा, म्हणून फेऱ्या जास्त. मोठ्या ट्रॅकवर कमी. मग टायर बघायचे, एका सेटमध्ये किती फेऱ्या निघतात. मग टाकीत किती मावतं. मग पाऊस आला तर काय, त्याचा नियम करायचा. निम्म्याच्या पुढे गेली असेल तर शर्यत पुरी धरतात. मग लोक किती वेळ बसतील ते.”

“बाकाचं आधी बघतात,” आंटी म्हणाल्या. “लाकडी आहेत.”

“आणि टीव्हीवर दाखवायची असेल तर टीव्हीवाले बघतात,” काका म्हणाले. “पण पोरी, खरी गोष्ट टायरची. तीस फेऱ्यांची शर्यत जोरात सुटणाऱ्याची. पन्नासची शर्यत राखून ठेवणाऱ्याची. पहिल्या पंधरा-वीस फेऱ्या मी मुद्दाम मागे राहतो. पुढचे पोरगे टायर खातात. चाळिशीनंतर त्यांची गाडी वळणावर बाहेर सरकायला लागते, माझी नाही. तेव्हा मी निघतो.”

हे त्यांना कुठून आलं, तेही मग कळलं. वसईला त्यांच्या पॅरिशच्या सणाला मैदानात हळू सायकलची स्पर्धा असायची. पाय टेकायचा नाही, थांबायचं नाही, आणि शेवटी पोचेल तो जिंकला. इनासकाका लागोपाठ चार वर्षं जिंकले होते. “तीच एक शर्यत आहे जी मी जिंकलोय,” ते म्हणाले. “इथे कॅनडात तीच जरा जोरात खेळतो.”

जुलैभर मी जात राहिले. नियमाची पाहणी हे कारण दर आठवड्याला थोडं झिजत गेलं. ट्रॅकवाल्यांनी शर्यती लवकर लावल्या होत्या, सगळं सहाच्या आत आटपत होतं. मी स्टॉपवॉच लावायचे आणि विसरायचे. माझ्या कानाला हळूहळू तो आवाज सुटा व्हायला लागला: सरळ रेषेवरचा ताणलेला सूर, वळणाआधीचा खाली उतरलेला, आणि सतरा नंबरच्या गाडीची जराशी घोगरी खाकर. घरी अंगणात बसलं तरी मला कळायचं, आता पिवळा झेंडा आहे, आता हिरवा. आईला मी एकदा सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे आता तू पण त्यांचीच.”

एका शनिवारी आंटींनी फुगे कागदात बांधून आणले होते. कागद उलगडला आणि आत माझं पत्रक. तेलाने पारदर्शक झालेलं, तीन शब्द तरीही ठळक. मी उचललेला फुगा परत ठेवला.

“मॉलबाहेर वाटत होते,” आंटी म्हणाल्या.

काकांनी कागद हातात घेऊन लांब धरला, आणि डोळे न हलवता, मान एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळवत वाचला. “कोणी लिहिलंय, चांगलं लिहिलंय. तीन शब्दांत. मराठीत इतकं थोडक्यात कोणी लिहीत नाही.”

मी गप्प राहिले. दुसऱ्यांचं गप्प राहणं या विषयावर मी दोन पत्रकं लिहिलेली आहेत.

त्यांनी मान अशी का वळवली ते आंटींनी मला नंतर, बाकांच्या पायऱ्या उतरताना सांगितलं. काचबिंदू. नजरेचं वर्तुळ कडेकडेने लहान होत चाललंय. समोरचं दिसतं, बाजूचं विझतंय. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुभा दिलीय, तीही दर दोन महिन्यांनी तपासून. “म्हणजे हा आणि पुढचा,” त्या म्हणाल्या. “आजाराचं दुःख नाही बाय. साठीनंतर कोणाला काय, कोणाला काय. पण पन्नासच्या शर्यतीत एकदा पहिला यायचं होतं त्याला.”

मग तो शनिवार. सकाळी पाऊस पडून गेलेला. ट्रॅक सुकवायला ट्रक फिरत होते, सगळं उशिरा सुरू झालं. मोठी शर्यत सव्वापाचनंतर सुटली, आणि सुटल्या-सुटल्या पहिल्याच वळणावर तीन गाड्या एकमेकांत गेल्या. कोणाला लागलं नाही. पण पिवळा, मग झाडू, मग भुसा, मग ओढायला गाडी. परत हिरवा, परत ठोकाठोकी. मी घड्याळ बघत होते. त्या दिवशी पुन्हा बघायला लागले होते. पुढे हिशेब केला, तर पाऊण तासात गाड्या खऱ्या पळाल्या त्या जेमतेम अकरा मिनिटं. बाकी सगळी झाडलोट.

तिसावी फेरी. इनासकाका पाचवे. एकतिसाव्याला चौथे. आंटींचा अंगठा मण्यावर दाबला जाऊन नखाशी पांढरा झाला होता. तेहतिसाव्याला तिसरे. पुढच्या दोन्ही गाड्या वळणावर बाहेर सरकायला लागल्या होत्या, अगदी त्यांनी सांगितलं होतं तशा, जरा आधीच. पस्तिसाव्याला दुसरे. मी उभी राहिले होते. मी, जिने हा आवाज बंद करायला सह्या गोळा केल्या, ती घसा फोडून ओरडत होते, “काका, आतून, आतून.” जणू त्यांना ऐकू जाणार होतं.

छत्तीस. आणि दोन झेंडे.

सगळी इंजिनं एकदम मंदावली. आंटींचा अंगठा तिथेच राहिला, माळेच्या चौथ्या भागातल्या सहाव्या मण्यावर. त्यांनी माळ खाली ठेवली नाही. पुढचा मणीही ओढला नाही. मोजणीच्या मनोऱ्यावरून माणूस दोनदा सांगत होता, की टाउनच्या नियमाप्रमाणे, टाउनच्या नियमाप्रमाणे. निम्म्याच्या पुढे गेल्यामुळे निकाल धरला गेला. पहिल्या गाडीतला पोरगा खाली उतरला आणि त्यालाही नीट हसता आलं नाही.

चौदा फेऱ्यांना किती वेळ लागतो माहीत आहे? एक फेरी अठरा सेकंद. सव्वाचार मिनिटं.

इनासकाका जिंकले असते की नाही, मला माहीत नाही. टायर फुटला असता, कोणी आडवं आलं असतं, पहिल्याने वाट दिली नसती. पण चोरी झाली ती याचीच. बक्षीस नाही चोरलं; काय झालं असतं ते चोरलं. आणि हे ज्याने राखून ठेवलं त्याचंच जातं. जो पहिल्या फेरीपासून सगळं उधळत आला त्याचं काही जात नाही. कापलेली शर्यत ही तीच शर्यत थोडी लहान नसते. ती दुसरीच शर्यत असते, दुसऱ्याच माणसासाठी केलेली, आणि ती कापली गेलीय हे पळणाऱ्याला आधी सांगितलेलं नसतं.

त्या दिवसापासून मला जिथे तिथे हेच दिसतं. परीक्षेत शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला येत असताना ओढलेला पेपर. गौरीताईच्या नवऱ्याचा करार, कामाचा शेवट दिसत असताना तारखेवर संपलेला. काही गोष्टी घड्याळाने संपतात आणि काही पुऱ्या झाल्या की संपतात, आणि या देशात, बहुधा सगळ्याच देशांत, पहिल्या जातीची माणसं दुसऱ्या जातीच्या गोष्टींवर नियम करतात. मी त्यांतलीच निघाले, एवढंच.

सप्टेंबरात मी मार्कहॅमला त्यांच्या घरी गेले. गॅरेजचं दार वर होतं, काका सतरा नंबरच्या गाडीला थंडीसाठी झाकत होते. मी उभ्या-उभ्या सांगितलं. पत्रक माझं. सह्या मी घेतल्या. ट्रॅकवाल्यांचं पत्र वाचून, समजून घेऊन, तरीही. मी रडेन असं मला वाटलं होतं, पण मला रागच आला होता, आणि तो राग ठेवायला मला प्रथमच दुसरं कोणी सापडत नव्हतं.

आंटी आत गेल्या आणि ते तेलकट पत्रक घेऊन आल्या. ठेवलं होतं त्यांनी. काकांनी परत तशीच मान वळवत वाचलं.

“त्यांच्या पत्रात ‘सुरू’ होतं ना?”

“हो.”

“मग कुठे गेलं?”

“जागा नव्हती.”

“पानभर पांढरं आहे की,” काका म्हणाले.

आंटींनी कागद त्यांच्या हातून घेऊन त्याची घडी घातली. मग आंटी म्हणाल्या, “आमच्यात फादरकडे जाऊन सांगायची पद्धत आहे. फादर काहीतरी करायला लावतो. मी फादर नाही. पण माझे चौदा मणी राहिलेत.”

“मी काय करू, आंटी?”

“दुसरं पत्रक काढ,” काकाच म्हणाले. “आणि या वेळी क्रियापद घाल. गिअरबॉक्स जोडताना एक बारीक वॉशर उरला, तर तो खिशात टाकून गाडी देतात का गिऱ्हाइकाला?”

हिवाळाभर मी लिहीत होते आणि फाडत होते. आईला म्हटलं, जुन्या कागदावरची तुझी सही खोड, तर तिला आधी पटेना. मी तिला टायर सांगितले, पिवळा झेंडा सांगितला, माळ सांगितली. ती ऐकत होती, गॅसवर डाळ होती. मी विचारलं, किती वेळ लागेल जेवायला? म्हणाली, “दोन शिट्ट्या राहिल्यात.” आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. आई कधी मिनिटं सांगत नाही. या देशात पंचवीस वर्षं झाली, ओव्हनला घड्याळ आहे, फोनला घड्याळ आहे, तरी आमचं वरण शिट्ट्यांवर होतं. दुसरी शिट्टी झाल्यावर तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, “सहा वाजले म्हणून कच्च्या डाळीचा कुकर कोणी उतरवत नाही. आण तो कागद, कुठे खोडायचं?” पहिली खोडलेली सही आईची आहे.

गौरीताईकडे जायला मला जास्त धीर लागला. बाळ आता चालतं, दाराशी येऊन माझ्या बुटांवर बसलं. ती म्हणाली, “तुला एक सांगू? त्या शनिवारी हा झोपला होता. आवाजात झोपायला शिकलाय आता. सहाला आवाज एकदम तुटला ना, तर दचकून उठला आणि अर्धा तास रडला. मला वाटलं तिकडे काहीतरी झालं.” मग म्हणाली, “मला सहानंतर नवीन काही सुरू व्हायला नकोय. ते मी सोडणार नाही. पण चालू आहे ते संपू दे. एवढंच मी तेव्हाही म्हणत होते, यार. तूच छोटं केलंस.”

छोटं मीच केलं. आता मोठं करतेय.

येत्या मे महिन्यात टाउन कौन्सिल या नियमाचा फेरविचार करणार आहे. प्रयोगाचा हंगाम संपला, नियम कायम करायचा की बदलायचा हे त्या एका सभेत ठरेल. फेरविचार हा शब्द मला या वर्षी पहिल्यांदा नीट ऐकू आला. पुन्हा एक फेरी, विचाराची. जूनमध्ये सतरा नंबरची गाडी शेवटच्या हंगामाला उतरेल. इनासकाकांची एप्रिलची तपासणी झालीय. डॉक्टर हो म्हणालेत, या उन्हाळ्यापुरतं. ते परत पहिल्या वीस फेऱ्या मागे राहतील. दुसरं त्यांना येतच नाही. चाळिशीनंतर निघण्यासाठी राखून ठेवतील, आणि पन्नास येणार आहे की नाही ते, तुम्ही आणि मी काय करतो, त्यावर आहे.

हा लेख तेच दुसरं पत्रक आहे. लांब झालंय. लांबच हवं होतं. त्याची घोषणा अशी: सहानंतर शर्यत सुरू करू नका, सुरू झालेली तोडू नका. दोन क्रियापदं आहेत. मोजून घ्या.

तुमच्यापैकी पुष्कळांनी त्या फेब्रुवारीत, मी तुमचं फावडं धरून उभी असताना, थंडीने वाकड्या अक्षरात सही केली. ते मूळ कागद माझ्याकडे आहेत आणि तुमच्या सहीखाली लिहिलेले तीन शब्द अपुरे आहेत, हे तुम्हाला आता माहीत आहे. सभेला मी ते कागद आणि एक पेन घेऊन दाराशी उभी असेन. आंटी आतल्या बाकावर असतील, माळेवरचा अंगठा जिथे थांबला होता तिथे. तुम्ही या. तुमची सही शोधा, ती खोडा, आणि शेजारी तुमच्या हाताने एक शब्द लिहा: सुरू. मग आत जाऊन तो शब्द मोठ्याने म्हणा.